जरा सावरतो, मग भेटतो

“मॅडम, आधी मी सावरतो, मग पोराला भेटतो. हे असलं तोंड घेऊन त्याच्यापुढं कशाला जाऊ?”

मी समुपदेशक आहे. बायकोपासून वेगळे राहणारे बाप माझ्यासमोर बसून हे वाक्य वरचेवर बोलतात. कुणाची नोकरी गेलेली असते, कुणाची बाटली सुटत नसते, कुणी कर्जात असतो, कुणाला काय होतंय ते त्याचं त्यालाच सांगता येत नाही. वाक्य मात्र तेच. ऐकणारा म्हणतो, टाळतोय झालं. मला तसं वाटत नाही. ओढ असतेच, पण लाज तिच्याहून दांडगी असते.

सांगलीतल्या ज्या गृहस्थांविषयी लिहितेय, त्यांनी लिहायला हो म्हटलंय. ओळख पटेल असं जे जे होतं ते बदललंय. ते मार्केट यार्डात हळदीच्या एका अडत दुकानात हिशेब लिहिणारे दिवाणजी आहेत, म्हणून इथेही दिवाणजीच म्हणते. वय 41. बायको आणि मुलगा दोन वर्षांपासून मिरजेला, तिच्या माहेरी. घटस्फोट झालेला नाही. दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनी बसून कागदावर ठरवलेलं: मुलासाठी महिन्याला 6000 रुपये, आणि दर रविवारी दहा ते पाच मुलगा वडिलांकडे. मुलगा नऊ वर्षांचा, चौथीत.

मार्चमध्ये, हळदीचे सौदे जोरात असताना, दुकानाच्या मालकांनीच त्यांना माझ्याकडे पाठवलं. शेतकऱ्यांच्या हिशेबाच्या पट्ट्या करताना एका आठवड्यात तीन चुका झाल्या होत्या. मालक बरा माणूस. ओरडायचं सोडून मला फोनवर म्हणाले, “ह्याला झोप नाही बघा. काय तर करा.”

झोप खरोखरच नव्हती. पहाटे तीनला जाग यायची ती यायचीच. जेवण एक वेळ. संध्याकाळी गावभागातल्या खोलीवर आलं की दिवासुद्धा न लावता बसून राहायचं. पतसंस्थेचे हप्ते तटलेले, मुलाचे दोन महिन्यांचे पैसे राहिलेले. आणि सलग पाच रविवार ते मिरजेला गेलेच नव्हते. शनिवारी रात्री बायकोला मेसेज जायचा, “काम निघालं. पुढच्या रविवारी.”

“सगळं नावेच पडलंय मॅडम,” ते म्हणाले. “जमेला काही नाही. पोराला काय दाखवू?”

अशा माणसाला मी एक प्रश्न पहिल्याच भेटीत, आडवळण न घेता विचारते: जगणं नकोसं झाल्याचा विचार येतो का? विचारल्यानं तो विचार डोक्यात भरतो, ही भीती खोटी आहे. उलट कुणीतरी विचारलं म्हणून माणूस मोकळा होतो. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “येतो. पण करणार काही नाही.” तरीही त्याच आठवड्यात त्यांना मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. हे नुसत्या बोलण्यानं सुटणारं नव्हतं. नैराश्याचा आजार होता, औषध लागणार होतं. एखाद्या रात्री फारच झालं तर 14416 या टेली-मानस क्रमांकावर फोन करायचा, हे कागदावर लिहून दिलं. तो सरकारी आहे, फुकट आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं.

जायला मात्र ते तयार नव्हते. कारण ऐका. “उद्या कोर्टात गेलं प्रकरण, तर म्हणतील याला डोक्याची औषधं चालू आहेत. पोरगं मिळायचं नाही.” ही भीती मी इतक्या घरांत पाहिलीय की थोडं थांबून सांगते. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं रुग्णाची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क दिलाय. मुलाच्या ताब्याचा किंवा भेटीचा निर्णय करताना कोर्ट मुलाचं हित बघतं. नियमानं डॉक्टरांकडे जाणारा बाप त्या हिताच्या आड येतो असं कुणी सहज म्हणत नाही. आजार अंगावर काढून पाच रविवार गायब असलेला बाप जास्त अडचणीत येतो. (याच्या उलटाही एक समज असतो, की पाच वर्षं झाली की मुलगा आपोआप बापाकडे. 1956 च्या हिंदू अज्ञानत्व आणि पालकत्व कायद्यात पाच वर्षांखालचं मूल सहसा आईकडे राहील असं आहे, पण पाच संपल्यावर आपोआप काहीच होत नाही. तिथेही बघतात ते मुलाचं हितच.) नेमका सल्ला वकिलाचाच घ्यावा. ऐपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो.

आता माझी चूक सांगते.

औषध सुरू झाल्यावर मी त्यांना रविवारचा एक छान तक्ता करून दिला. दहाला घ्यायचं, आमराई बागेत जायचं, बाहेर जेवायचं, दुपारी सिनेमा, पाचला सोडायचं. कागदावर झकास. पहिल्या रविवारी त्यांनी उसने पैसे काढून 2200 रुपयांची रिमोटवर चालणारी गाडी घेतली, कारण “इतक्या दिवसांनी मोकळ्या हातानं कसं जायचं.” साडेबारापर्यंत बोलायचं सगळं संपलं. बाप बाकावर, शेजारी मुलगा मोबाइलवर गेम खेळतोय, गाडी खोक्यातच. तीनलाच मुलाला सोडून ते परतले. पुढच्या शनिवारी पुन्हा मेसेज: काम निघालं.

ज्याला सकाळी अंथरुणातून उठायला दीड तास लागतो, त्याला मी सात तास हसतमुख राहायचं काम लावलं होतं. या आजारात बऱ्याच जणांची सकाळ सगळ्यात वाईट जाते, हे मला ठाऊक होतं. तरी तक्ता दहापासूनच. का, तर कागदावर दहा लिहिलं होतं म्हणून.

त्याच सुमाराला मुलाची आई येऊन गेली. भांडायला आली नव्हती. म्हणाली, “ह्यांना बरं नाही हे दिसतंय मला. पण मी पोराला काय सांगू? दहाला बूट घालून पायरीवर बसतोय. साडेबाराला स्वतःच काढून ठेवतोय. मी मेसेज दाखवला तरी बसतोय.” जाता जाता तिनं आणखी एक सांगितलं. घटक चाचणीत गणितात मुलाला वीसपैकी अकरा पडले होते, आणि पप्पा येईनासे झाले ते त्यानंतरच. आजीला तो म्हणाला होता, “पप्पा हिशेबाचं काम करतात ना. त्यांना राग आला असंल.”

हे दिवाणजींना सांगावं की नाही, यावर मी दोन दिवस घालवले. ऐकून ते आणखी खचले असते तर? शेवटी तिच्या परवानगीनं सांगितलं. ते रडले नाहीत. “अकरा?” एवढंच म्हणाले. मग जरा वेळानं, “मला माहीतच नव्हतं अकरा पडले ते.”

मुलांचं हे असं असतं. मोठ्यांनी कारण दिलं नाही की मूल कारण शोधतं, आणि शोधताना फार लांब जात नाही, स्वतःपाशीच थांबतं. आपण मात्र समजतो की तोंड न दाखवून त्याला दुःखापासून वाचवलं.

तक्ता फाडला. मी त्यांना त्यांच्याच भाषेत विचारलं, “दिवाणजी, ताळेबंद रोज करता का?” म्हणाले, “छे. रोज फक्त कीर्द, त्या दिवसाची जमा-नावे.” म्हटलं, मग दर रविवारी मुलापुढं ताळेबंद मांडायला का निघताय? त्या दिवसाची कीर्द लिहा, बास.

आईशी बोलून वेळ बदलली: रविवारी चार ते साडेसहा. अडीच तास, पण ते चुकवायचे नाहीत. बुधवारी संध्याकाळी साडेसातला मुलाला फोन, पाच मिनिटं. जमणारच नसेल तर शनिवारी रात्री आठच्या आत फोन करायचा, आणि तो मुलालाच. आईला मेसेज नाही. वस्तू आणायची नाही. आई काय म्हणते, घरी कोण येतं, हे मुलाला विचारायचं नाही. ही शेवटची अट त्यांना सगळ्यात जड गेली, हेही सांगते.

पैशांचा विषय मी वेगळा काढला. दोन महिने तटले म्हणून मिरजेच्या दारात उभं राहायची त्यांना शरम वाटत होती. ती समजते. पण मुलाचे पैसे हे एक खातं आणि मुलाची भेट हे दुसरं. एकाची बाकी दुसऱ्यात ओढायची नाही, बापानंही नाही आणि आईनंही नाही. त्यांनी महिन्याला हजार-हजार जास्त देऊन बाकी फेडायचं कबूल केलं. तिनं ऐकून घेतलं. आनंदानं नाही, पण ऐकून घेतलं.

आणि एक गोष्ट आम्ही खोलीत बसून चक्क पाठ केली. मुलाला काय सांगायचं ते. “मला एक आजार झालाय. त्यात झोप येत नाही, उदास वाटतं. डॉक्टरांचं औषध चालू आहे. हे तुझ्यामुळं झालेलं नाही. आणि मला बरं करायचं काम तुझं नाही, ते डॉक्टरांचं आणि माझं.” पाच वाक्यं. याहून जास्त सांगू नये. कर्ज किती, आई कशी वागली, रात्री काय काय मनात येतं, हे नऊ वर्षांच्या मुलाच्या पुढ्यात ओतायचं नसतं. त्यासाठी मी आहे, मित्र आहेत, भाऊ आहे.

एका बाबतीत मी सवलत देत नाही. दारू प्यायली असेल तर त्या दिवशी जायचं नाही, फोन करायचा. रागावर ताबा राहत नसेल तरी तेच. “कसाही असलो तरी जातो” याला मी शाबासकी देणार नाही. दिवाणजींचा प्रश्न तो नव्हता, पण वाचणाऱ्यांत कुणाचा असेल.

पहिले दोन रविवार नुसते खोलीवर गेले. मुलानं गृहपाठ केला. बापलेकांनी भडंग केला; लसूण करपला, मिरचीच्या खाटानं दोघं खोकत बाहेर ओट्यावर येऊन बसले. 2019 च्या पुराचा डाग त्या खोलीच्या भिंतीवर अजून आहे, घरमालकानं वरवर रंग दिला तरी वर येतो. मुलगा त्याला पाठ लावून उभा राहिला आणि आपण अजून किती बुडालो असतो ते बघून खूश झाला. तिसऱ्या रविवारी दिवाणजींचा दिवस फार वाईट होता. त्यांनी मुलाला सांगितलं, “मी वीस मिनिटं पडतो, तू इथंच बस.” पडले. उठले तर मुलगा त्यांच्या जुन्या वहीत बेरजा करत बसलेला.

ती पाच वाक्यं काही बाहेर पडत नव्हती. पडली ती सांगलीजवळच्या हरिपूरला. संगमावर कृष्णा-वारणेचं पाणी बघून परत येताना मुलानं हळदीच्या पेवांचं विचारलं. हा विषय दिवाणजींचा. जमिनीत खोल खणलेलं पेव, तोंड लहान, वरून बंद केलं की आत हवा नाही, म्हणून कीड नाही, हळद वर्षानुवर्षं राहायची. 2005 च्या महापुरात पाणी शिरलं आणि कितीतरी पेवं गेली. “आत माणूस उतरला तर?” मुलानं विचारलं. “लगेच नाही उतरायचं. उघडून ठेवायचं, हवा खेळू द्यायची, मग.” मुलगा थोडा वेळ गप्प. मग एकदम, “पप्पा, मला अकरा पडले म्हणून येत नव्हता का?”

मला सांगताना दिवाणजी पेवापाशी थांबले आणि माझ्याकडं बघत राहिले. यातून काहीतरी अर्थ काढायची आम्हा समुपदेशकांना फार खोड असते. मी पाणी प्यायले.

वाक्यं पाठ होती, पण क्रम चुकला. आधी “तुझ्यामुळं नाही” आलं, मग पुन्हा “तुझ्यामुळं नाही,” मग औषधाचं. शेवटचं राहूनच गेलं. मुलगा म्हणाला, “बरं.” आणि गाडीवर मागं बसला.

आता नऊ महिने होत आलेत. औषध चालू आहे. झोप पाचपर्यंत लागते. हप्त्यांचं ओझं आहे तसंच आहे, नवराबायकोचं काय होणार ते दोघांनाही माहीत नाही. मधे एक रविवार चुकला, पण शनिवारी पावणेआठला मुलाला फोन गेला होता. मुलानं ऐकून घेतलं आणि विचारलं, “गोळी घेतली का आज?”

दिवाणजींना ते सांगताना भरून आलं होतं. “बघा मॅडम, पोरगं माझी काळजी करतंय.” मला ते तितकंसं आवडलं नाही. नऊ वर्षांचा मुलगा बापाच्या गोळ्या मोजायला लागला, की तो हळूहळू घरातला मोठा माणूस होऊन बसतो. म्हटलं, ते राहून गेलेलं पाचवं वाक्य आता सांगा.

पुढच्या वेळी आले तेव्हा विचारलं, सांगितलंत का?

“सांगितलं की. माझ्या गोळ्यांचं मी बघतो, ते तुझं काम नाही म्हटलं.”

“मग?”

“म्हणाला, नुसतं विचारलं की.”