वाड्याला नोटीस लागली, भाडेकरूने काय करायचं?

प्रश्न: बडोद्याच्या दांडियाबाजारातल्या एका लाकडी वाड्यात वरच्या मजल्यावर आम्ही १९७१ पासून भाड्याने राहतो. यजमान वारले, पावत्या अजून त्यांच्याच नावाच्या आहेत. गेल्या आठवड्यात महापालिकेच्या निर्भयता शाखेने (धोकादायक इमारती बघणाऱ्या) वाडा जर्जरित असल्याची नोटीस दिंडी दरवाजावर चिकटवली. मुदत सात दिवसांची. घरमालक म्हणतात, ‘आता कोर्टबिर्ट काही नाही, सामान हलवा.’ वॉर्ड ऑफिसात विचारलं तर महापालिकेच्या मुख्य कचेरीत, खंडेराव मार्केटला जा म्हणाले. नगरसेवकांना अर्ज दिला आहे. मागची गॅलरी झुकली आहे हे खरं, बाकी घर ठणठणीत आहे. खोल्या सोडल्या तर हक्क जाईल का?

उत्तर: ताई, आधी गॅलरीचं. तिकडचं दार आजच बंद करा, कपडे दुसरीकडे वाळत घाला आणि खालच्या बिऱ्हाडालाही सांगा. उद्या तिथे काही झालं, तर माझा कुठलाही मुद्दा उपयोगाचा राहणार नाही.

आता नोटीस. तुम्ही पाठवलेला फोटो मी मोठा करून वाचला. त्यात ‘उतारी लेवुं’ (उतरवून घ्यावं, म्हणजे पाडावं) असं आहे आणि त्याच ओळीत पुढे ‘अथवा मरामत करी भयमुक्त करवुं’ (किंवा दुरुस्ती करून धोका दूर करावा) असंही आहे. मालकांनी अर्धीच ओळ वाचली, किंवा तुम्हाला अर्धीच ऐकवली. ही नोटीस महानगरपालिका कायद्याच्या कलम २६४ ची आहे. कायदा १९४९ चा. तेव्हा तो मुंबई प्रांताचा होता, आता त्याच्या नावात गुजरात आहे. त्या कलमात आयुक्तांना चार गोष्टी सांगता येतात: पाडा, आधार देऊन सुरक्षित करा, काढून टाका किंवा दुरुस्त करा. यातली एक किंवा अनेक. आणि हे सांगायचं कोणाला, तर मालकाला किंवा तिथे राहणाऱ्याला. म्हणजे त्या कागदात तुमचीही जागा आहे. मालकांनी ‘पाडतो’ म्हटलं म्हणून विषय संपत नाही. ‘दुरुस्तीने भागतं’ हे तुम्हीही म्हणू शकता, फक्त ते लेखी आणि मुदतीत म्हणायला हवं.

नगरसेवकांना दिलेल्या अर्जाने मुदत थांबत नाही. वॉर्ड ऑफिसच्या फेऱ्यांनीही नाही. माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या सात जणांचे दिवस याच फेऱ्यांत गेलेले असतात. तुम्ही अर्ज महानगरपालिका आयुक्तांच्या नावाने करा, गुजरातीत करा आणि दुसऱ्या प्रतीवर आवकचा शिक्का, नंबर, तारीख घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका. शिक्का द्यायला कुरकुर केली तर त्याच दिवशी स्पीड पोस्टने, नोंदणी आणि पोहोच-पावतीसह पाठवा.

अर्ज दीड पानाचा पुरे. सासूबाईंनी हे घर कसं जपलं, मालकांच्या वडिलांचा स्वभाव कसा होता, हे सगळं वगळा. चार मागण्या लिहा. पाहणी कोणी, कधी केली त्या अहवालाची प्रत द्या. माझ्या हजेरीत पुन्हा पाहणी करा. धोका मागच्या गॅलरीपुरता आहे, ती उतरवायला आणि बाकीच्या दुरुस्तीला माझी तयारी आहे, तसा हुकूम करा. पाडण्याचा निर्णय घेण्याआधी मला प्रत्यक्ष ऐकून घ्या. सोबत स्ट्रक्चरल इंजिनियरचा दाखला जोडा. ‘घर चांगलं आहे’ अशा दोन ओळींच्या दाखल्याला कोणी विचारत नाही. इंजिनियरने खांब, तुळया, कड्या एकेक ठोकून बघितल्या पाहिजेत, वाळवी कुठवर गेली ते लिहिलं पाहिजे आणि कुठल्या तुळईला काय करायचं ते नकाशावर दाखवलं पाहिजे. पैसे खर्च करायचेच तर इथे करा. वकिलापेक्षा इथे जास्त करा म्हटलं तरी चालेल.

पाहणीचा अहवाल मागूनही मिळाला नाही तर माहिती अधिकारात अर्ज टाका, गुजरातेत फी २० रुपये. उत्तराला एरवी ३० दिवस असतात. जीविताशी संबंध असेल तर ४८ तास, आणि इथे तो आहे असं अर्जात स्पष्ट लिहा.

तुमच्या भाच्याने व्हॉट्सअॅपवर पाठवलेला निकाल मी पाहिला. १३ नोव्हेंबर २०२४ चा सुप्रीम कोर्टाचा, पाडण्याआधी १५ दिवसांची नोटीस द्या असं सांगणारा. तो मुख्यतः अनधिकृत बांधकामांवर बुलडोझर चालवण्याबद्दल आहे. पडायला आलेल्या घराला तो जसाच्या तसा लागेल असं धरून बसू नका. उलट कलम २६४ मध्येच अशी सोय आहे, की घटकेचा भरवसा नसेल तर आयुक्त नोटिशीची वाट न पाहता धोका दूर करू शकतात. म्हणून तर इंजिनियरच्या दाखल्यावर मी अडून बसलो.

खोल्या रिकाम्या करण्याची गोष्ट वेगळी आहे. २६४ ची नोटीस म्हणजे घर खाली करण्याचा हुकूम नव्हे. त्यासाठी त्याच कायद्यात कलम २६८ आहे, त्याचा वेगळा लेखी हुकूम लागतो आणि त्यात कारणं लिहावी लागतात. शिवाय त्या हुकमाने बाहेर पडलेल्याला मुदत संपल्यावर अर्ज करून परत जागा मागता येते. इमारतीत फेरफार झाल्याने किंवा ती पाडली गेल्याने तसं करणं अशक्य झालं असेल तर गोष्ट निराळी. मालकांच्या तोंडी बोलण्यावर एक पेटीसुद्धा हलवू नका, कुठल्याही कागदावर सही करू नका. ‘फक्त महापालिकेला दाखवायला’ म्हणून पुढे केलेल्या कागदावर तर नाहीच.

मालकांचा डाव मला असा दिसतो. गुजरातच्या भाडे नियंत्रण कायद्यात कलम १३ खाली मालकाला ताबा मागण्याची जी कारणं आहेत, त्यात ‘पालिकेने पाडण्याचा हुकूम दिला आहे’ हे एक आहे. त्यांना ‘मरामत’ नको, ‘उतारी लेवुं’च हवं, ते त्यासाठी. पण त्यालाही स्मॉल कॉज कोर्टात, म्हणजे भाड्याचे दावे चालतात त्या कोर्टात, दावा लावावा लागतो. ‘कोर्टबिर्ट काही नाही’ हे खरं नाही. त्याच कायद्यात दुरुस्ती मालकाची जबाबदारी आहे. त्याने टाळली तर नोटीस देऊन भाडेकरूने करावी आणि ठरावीक मर्यादेत भाड्यातून कापावी, अशीही तरतूद आहे. तुमचं भाडं किती ते तुम्ही लिहिलं नाहीत, पण १९७१ चं असेल तर त्यातून कापून एक कडीही येणार नाही. तरीही ती नोटीस द्या. दुरुस्ती कोणी टाळली, हे नोंदीत राहू दे.

आणि तुमचा खरा प्रश्न. वाडा पडला किंवा पालिकेने पाडला तरी तेवढ्याने भाडेकरूपण संपत नाही. २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या तीन न्यायमूर्तींनी हे सांगितलं आहे, आणि त्या प्रकरणात इमारत पालिकेनेच पाडली होती. तेव्हा इंजिनियर ‘राहू नका’ म्हणाला, तर हक्काच्या भीतीने आत राहू नका. बाहेर पडा, पण आयुक्तांना आणि मालकांना लेखी कळवून: जिवाच्या भीतीने तात्पुरती बाहेर जात आहे, भाडेहक्क सोडलेला नाही. भाडं मनीऑर्डरने पाठवत राहा. घेतलं नाही तर परत आलेली पावती जपून ठेवा. पावत्या यजमानांच्या नावाच्या असल्या तरी त्यांच्या शेवटच्या काळात तुम्ही त्यांच्याबरोबर राहत होता, म्हणून राहत्या घराची भाडेकरू तुम्हीच. रेशनकार्ड, लाइटबिल काढून ठेवा.

आयुक्तांनी न ऐकताच पाडायचा हुकूम काढला, तर अहमदाबादला हायकोर्टात घटनेच्या कलम २२६ खाली जावं लागेल. तिथे न्यायमूर्ती तुमच्या तुळया मोजणार नाहीत. ते बघतील की नोटीस नीट दिली का, तुमचं म्हणणं विचारात घेतलं का, दुरुस्तीचा पर्याय का नाकारला याचं कारण हुकमात आहे का. हायकोर्टाने आयुक्तांच्या जागी बसून निर्णय द्यावा ही अपेक्षा ठेवू नका. बहुतेक वेळा प्रकरण ‘पुन्हा ऐका’ म्हणून परत येतं. तुम्हाला तेवढंच हवं आहे. आणि शिक्क्याचा अर्ज नसेल तर तिथला पहिला प्रश्न ‘आयुक्तांकडे गेला होतात का?’ हाच असतो. दिवाणी दाव्याचा रस्ता आहे, पण पालिकेविरुद्ध एरवी एक महिन्याची आगाऊ नोटीस लागते. तुमच्या हातात सात दिवस आहेत, त्यातले किती गेले मला माहीत नाही.

कारण फोटोत खालचा कोपरा कापला गेला आहे, जावक नंबर आणि तारीख दिसत नाही. वळवाच्या सरीत दिंडीवरचा कागद जायच्या आत पुन्हा एकदा पूर्ण फोटो काढा, दिंडीसकट.