पंधरा किलोमीटरनंतर पाय का जड होतात?

प्रश्न : दहा किलोमीटर मी आरामात पळतो. दहा आठवड्यांनी पहिली हाफ मॅरेथॉन आहे, पण सरावात १५ किलोमीटरनंतर पाय उचलतच नाहीत. काय चुकतंय?

उत्तर : चूक बहुधा पहिल्या तीन किलोमीटरमध्येच होते. सुरुवातीला वेग जास्त ठेवला की स्नायूंमधला ग्लायकोजेनचा (ऊर्जेसाठी साठवलेल्या साखरेचा) साठा लवकर संपत येतो. आठवड्यातून एकदाचं लांब पळणं इतकं सावकाश ठेवा की सोबत्याशी पूर्ण वाक्यं बोलता येतील. शब्द तुटू लागले की वेग कमी करा. दर आठवड्याला एक-दीड किलोमीटर वाढवा आणि दर चौथ्या आठवड्यात अंतर कमी करा. १८ किलोमीटरपर्यंत पोचलात की पुरे, सरावात हाफ मॅरेथॉनचं पूर्ण २१.१ किलोमीटर पळायची गरज नाही. शेवटच्या दहा दिवसांत अंतर निम्म्यावर आणा. बुडालेला सराव भरून काढायचा मोह याच दिवसांत होतो, आणि दुखापतही तेव्हाच ओढवते.

शर्यतीला नवे बूट किंवा मोजे अजिबात नकोत. मोज्याची शिवण करंगळीवर घासली तरी फोड येतो. तिथे आधीच पेट्रोलियम जेली लावा. एनर्जी जेल (पळताना ऊर्जेसाठी घ्यायचं गोड, घट्ट जेल) घेणार असाल तर पळायला लागल्यावर साधारण ४५ मिनिटांनी, घोटभर पाण्याबरोबर घ्या. मात्र लांब पळताना ते आधी दोनदा तरी घेऊन पाहा, काहींच्या पोटाला ते मानवत नाही.