स्कार्लेट विचला मराठीत ‘चेटकीण’ म्हणावं का?

प्रश्न असा आला आहे: मार्व्हल कॉमिक्समधल्या वांडा मॅक्सिमॉफच्या काही कथा आठवी-नववीच्या मुलांना वाचता याव्यात म्हणून मराठीत करायच्या आहेत. ‘स्कार्लेट विच’ हे नाव कसं आणायचं? ‘चेटकीण’ म्हटलं तर ती दुष्ट वाटते, ‘जादूगारीण’ म्हटलं तर टोपीतून ससा काढणारी वाटते. तिच्या ‘हेक्स’ला, म्हणजे ती समोरच्यावर जी जादू टाकते तिला, मराठी शब्द कोणता? आणि तिच्या शक्तिमान गोतावळ्यातली नाती कशी लिहायची?

माझं उत्तर: चेटकीणच म्हणा. हा शब्द तिला बोचतो, आणि तो बोचायलाच हवा. वांडा पहिल्यांदा दिसली ती ‘एक्स-मेन’च्या चौथ्या अंकात, मार्च १९६४ मध्ये, स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांच्या हातून. तिथे ती मॅग्नेटो या खलनायकाच्या टोळीत आहे, पण मनाने तिथली नाही. युरोपातल्या एका गावात लोकांनी तिला चेटकीण ठरवून घेरलं होतं आणि मॅग्नेटोने तिला सोडवलं होतं. त्या उपकाराखाली दबून ती आणि तिचा जुळा भाऊ पिएत्रो त्याच्यासोबत राहतात. म्हणजे ‘विच’ हा शब्द आधी जमावाच्या तोंडी आला, तिच्या नावात नंतर. लोकांनी अंगावर फेकलेला शब्द ती बिरुदासारखा मिरवते. ‘जादूगारीण’ म्हटलं की हे सगळं पुसलं जातं, कारण जादूगाराच्या मागे गाव लागत नाही, गाव तिकीट काढून त्याचे प्रयोग पाहतं.

‘डाकीण’ हा शब्द अर्थाने याहूनही जवळचा आहे, तरी तो वापरू नका. नंदुरबारकडे, सातपुड्याच्या पाड्यांमध्ये एखाद्या बाईला डाकीण ठरवून तिला मारहाण करण्याचे, गावाबाहेर काढण्याचे प्रकार आपल्या काळातले आहेत आणि त्याविरुद्ध कार्यकर्त्यांनी वर्षानुवर्षं काम केलं आहे. महाराष्ट्राचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा अशाच छळांविरुद्ध झाला. ती जखम अजून ओली आहे, तिच्यावरून मुलांच्या करमणुकीतल्या पात्राचं नाव ठेवू नये. ‘चेटकीण’चं तसं नाही. त्या शब्दात आरोपाची धार आहे आणि गोष्टीतलं घरही आहे. ‘अलबत्या गलबत्या’तली चिंची चेटकीण पाहून मुलं घाबरतातही आणि हसतातही. इतकी ऐसपैस जागा आपल्याकडे दुसऱ्या कुठल्या शब्दाला नाही. हडळ आणि जखीण ही मेलेल्या बायकांची भुतं, वांडा तर जिवंत आहे. ‘मांत्रिक’ म्हटलं की मंत्र लागतो, आणि सुरुवातीच्या वांडाला एकही मंत्र येत नव्हता.

‘स्कार्लेट’साठी ‘लाल’ पुरेसं आहे, ‘लाल चेटकीण’ कानालाही बरं लागतं. मला मात्र ‘किरमिजी’चा मोह होतो. किर्मिझ म्हणजे ज्या किड्यापासून लाल रंग काढत तो, आणि युरोपातलं जुनं स्कार्लेट कापड त्याच जातीच्या किड्याच्या रंगात रंगवत. त्यामुळे ‘किरमिजी चेटकीण’ हे मुळापर्यंत नेमकं उतरतं. अडचण एवढीच की आजच्या मुलांना किरमिजी म्हणजे नेमका कोणता लाल हे सांगावं लागेल. ‘शेंदरी’ टाळाच. शेंदूर म्हटला की आपल्याला मारुती आठवतो.

आता हेक्स. खरी गंमत इथे आहे, कारण वांडाची शक्ती साठ वर्षांत एक राहिलेली नाही आणि एकाच मराठी शब्दाने ती सगळी झाकता येणार नाही. इंग्रजीत हा शब्द पेनसिल्व्हेनियातल्या जर्मन वस्तीकडून आला. जर्मनमध्ये ‘हेक्से’ म्हणजे चेटकीण, आणि ती जे करते त्याचं क्रियापद त्याच धातूचं. आपल्याकडेही तसंच आहे: चेटूक आणि चेटकीण. म्हणून नावात ‘चेटकीण’ ठेवलं की ‘चेटूक’ आपोआप हाताशी येतं. सर्वसाधारण शब्द म्हणून तोच घ्या.

पण १९६४-६५ च्या कथा नीट वाचा. वांडा हात उचलून बोट रोखते आणि समोरच्याचं काहीतरी बिनसतं: हातातलं हत्यार ऐन वेळी दगा देतं, डोक्यावरचं काहीतरी निखळतं. तिला स्वतःलाही काय होईल हे धड सांगता येत नाही, आणि पुन्हापुन्हा केलं तर ती थकते. याला चेटूक म्हणणं जास्त होईल. यासाठी आपल्याकडे ‘नाट लावणे’ आहे. निघालेल्या माणसाला ‘कुठे चाललास?’ विचारलं की आजी रागावायची, ‘नाट लावू नकोस’. होणारं काम न होणं, सरळ चाललेलं वाकडं जाणं, हे त्या शब्दाचं काम आणि हीच तेव्हाच्या वांडाची शक्ती. मे १९६५ मध्ये ती कॅप्टन अमेरिकाच्या हाताखाली ॲव्हेंजर्स या नायकांच्या संघात आली तेव्हा तिच्याजवळ एवढंच होतं. त्या काळातल्या संवादांत ‘मी नाट लावते’ असं ती म्हणाली तर मराठी वाचकाला शक्तीही कळेल आणि तिची मर्यादाही.

१९७४ च्या सुमारास ॲगथा हार्कनेस ही वृद्ध, जाणती चेटकीण तिला शिकवू लागते. इथून पुढे ‘चेटूक’ शोभतं, कारण चेटूक ही शिकायची, गुरूकडून घ्यायची विद्या आहे. नाट शिकावी लागत नाही. पुढे १९९८ च्या ॲव्हेंजर्स मालिकेत तिच्या शक्तीला ‘केऑस मॅजिक’ असं नाव मिळालं. या केऑसला ‘गोंधळ’ करू नका, नाहीतर मुलांना संबळ ऐकू येईल आणि जगदंबेचा गोंधळ डोळ्यांपुढे उभा राहील. ‘अराजक’ आणि ‘अनागोंदी’ हे राज्यकारभाराचे शब्द. मी ‘उलथापालथ’ घेईन: ‘उलथापालथीची जादू’. शिवाय २००४ मध्ये डॉक्टर स्ट्रेंज हा थोर जादूगार ॲव्हेंजर्सना तोंडावर सांगतो की केऑस मॅजिक नावाची चीजच नसते. पुढच्या लेखकांनी ती पुन्हा आणली. तेव्हा या शब्दावर फार कोरीवकाम करण्यात अर्थ नाही.

एक सुचवणी मात्र जपून ठेवण्यासारखी आहे. २०२१ च्या ‘वांडाव्हिजन’ या पडद्यावरच्या मालिकेत वांडाने एका गावाभोवती उभ्या केलेल्या षट्कोनी कुंपणालाही ‘हेक्स’च म्हटलं आहे. ग्रीक ‘हेक्स’ म्हणजे सहा, आणि जर्मन ‘हेक्से’ म्हणजे चेटकीण. हा श्लेष मराठीत आणता येणार नाही असं वाटतं, पण आपल्या तंत्रग्रंथांत ‘षट्कर्मे’ आहेत: शांती, वशीकरण, स्तंभन, विद्वेषण, उच्चाटन आणि मारण. सहाही आले आणि जादूही आली. त्या गावात वांडा लोकांच्या मनाचा ताबा घेते, त्यांना हवं तसं वागवते, नको त्याला बाहेर फेकते. वशीकरण आणि उच्चाटन याहून वेगळं काय असतं? कुंपणाला ‘षट्कोन’ आणि त्यातल्या करामतींना ‘षट्कर्म’ म्हटलं तर श्लेष बराचसा तगतो. (आपल्या २०१३ च्या कायद्याच्या लांबलचक नावातही अनिष्ट प्रथांचं ‘समूळ उच्चाटन’ आहे. शब्द त्या सहांतलाच, आणि आता उलट कामाला लागलेला.)

‘करणी’ हा शब्द मी वांडाच्या २००५ नंतरच्या रूपासाठी राखून ठेवीन. आपण करणी म्हटली की लिंबू, बिब्बा, काळी बाहुली आठवते, पण ‘देवाची करणी अन् नारळात पाणी’ या म्हणीत तोच शब्द सृष्टीच्या नवलासाठी आहे. ब्रायन मायकेल बेंडिस यांनी लिहिलेल्या आणि ऑलिव्हिए कॉयपेल यांनी चितारलेल्या ‘हाउस ऑफ एम’ या आठ अंकांच्या कथेत वांडा अख्खं जगच नव्याने घडवते, ज्यात म्युटंट, म्हणजे जन्मतःच अचाट शक्ती असलेली माणसं, राज्य करतात आणि ज्याला त्याला हवं ते मिळालेलं असतं. देवाची करणी आणि माणसावर केलेली करणी हे दोन्ही अर्थ एकाच वेळी चालू असलेली गोष्ट मला दुसरी माहीत नाही. ‘माया’ही चालला असता, त्यात आईची मायाही येते आणि वांडा हे करते ते गमावलेल्या मुलांच्या दुःखातूनच. पण माया म्हटली की आपण ती खोटी समजतो, आणि ते जग खोटं नव्हतं.

याच कथेतलं एक वाक्य भाषांतर करणाऱ्याला सर्वांत जड जाईल. सातव्या अंकात वांडा मॅग्नेटोला, जो त्या काळच्या कथांत तिचा बाप आहे, सुनावते, की त्याने पोटच्या मुलांपेक्षा म्युटंट जमातीला मोठं मानलं. आणि मग इंग्रजीत तीन शब्द उच्चारते: ‘नो मोअर म्युटंट्स’. त्यांत क्रियापद नाही. ‘अधिक म्युटंट नाहीत’ एवढाच त्यांचा सांगाडा, आणि तेवढ्यावर जगातले बहुतेक म्युटंट क्षणात साधी माणसं होतात. इंग्रजीला क्रियापद गाळून तटस्थ राहता येतं, मराठीला बाजू घ्यावी लागते. ‘आता म्युटंट उरले नाहीत’ ही नुसती बातमी झाली. ‘यापुढे म्युटंट न उरोत’ हा शाप झाला, आपला आज्ञार्थ त्यासाठी तयारच आहे: ‘देव तुझं भलं करो’ मधला आशीर्वाद आणि ‘तुझं वाटोळं होवो’ मधला तळतळाट एकाच रूपातले. व्याकरण पाहता हेच रूप चपखल बसतं. तरीही मी ‘आता म्युटंट नकोत’ असंच लिहीन. ‘न उरोत’ म्हणणारी बाई ऋषीच्या आसनावर बसलेली दिसते. वांडा तशी नाही. ती बापापुढे उभी असलेली, मुलं गेलेली, थकलेली लेक आहे, आणि ‘नको’ हा घरातला शब्द आहे. ‘नको’त कुणालातरी नको असतं, म्हणणारी व्यक्ती त्या शब्दातून बाहेर पडू शकत नाही. जिची जीभ काळी तिचं साधं ‘नको’ही खरं होतं, हे मराठी वाचकाला समजावून सांगावं लागणार नाही.

नात्यांच्या बाबतीत तर मराठी इंग्रजीपेक्षा वरचढ आहे. वांडाने १९७५ मध्ये व्हिजनशी लग्न केलं. तो यंत्रमानवासारखा घडवलेला, आणि त्याचं मन सायमन विल्यम्स म्हणजे वंडर मॅन याच्या मेंदूच्या ठेवणीवरून केलेलं. त्यामुळे व्हिजन आणि सायमन एकमेकांना भाऊ मानतात. इंग्रजीत सायमन वांडाचा जो लागतो तोच पिएत्रो व्हिजनचा लागतो, शब्द एकच. आपल्याकडे सायमन दीर आणि पिएत्रो मेहुणा. पुढे सायमन वांडाच्या प्रेमात पडतो. त्या प्रसंगात त्याच्यासाठी ‘दीर’ शब्द एकदा जरी आला तरी त्यातला अवघडलेपणा मराठी घरात पानभर संवादांविना कळेल. पिएत्रोची बायको क्रिस्टल ही वांडाची वहिनी आणि वांडा तिची नणंद. त्यांची मुलगी लूना वांडाला ‘आत्या’ म्हणेल.

वांडाच्या जुळ्या मुलांचं तर विचारूच नका. १९८६ मध्ये जादूतून जन्मलेले थॉमस आणि विल्यम पुढे नाहीसे होतात आणि २००५ पासूनच्या कथांमध्ये दुसऱ्याच घरांत जन्मलेले टॉमी आणि बिली म्हणून परततात. बिलीला मंत्र येतात, टॉमी वाऱ्यासारखा धावतो. पिएत्रोही तसाच धावतो. ‘एक आईच्या वळणावर गेला, दुसरा मामाच्या’ या एका ओळीत त्या दोघांच्या शक्तींची ओळख होते, आणि ती ओळ कुठल्याही मराठी बारशाला शोभेल अशी आहे.

आईवडिलांचं मात्र सावधपणे लिहा, कारण शक्तीइतकंच तेही बदलत गेलं आहे. १९७४ मध्ये व्हिझर आणि मिस अमेरिका हे जुने नायक तिचे आईबाप ठरले होते. १९८२-८३ च्या मालिकेत मॅग्नेटो बाप ठरला. २०१४ मध्ये वांडाने स्वतःच्या रक्ताच्या नात्यांवर सोडलेला शाप मॅग्नेटोला लागलाच नाही, आणि तो तिचा बाप नाही हे तिथेच उघडं पडलं. नंतर तिची खरी आई नताल्या मॅक्सिमॉफ असल्याचं कळलं, आणि नताल्याही आधीची स्कार्लेट विच होती. म्हणजे ‘चेटकीण’ हे आता आईकडून लेकीकडे आलेलं पद आहे. ज्या जँगो मॅक्सिमॉफने जुळ्यांना वाढवलं तो नताल्याचा भाऊ, म्हणजे सख्खा मामा. कोणत्या वर्षाची कथा हाती आहे ते पाहून ‘बाबा’, ‘मामा’ ठरवा.

तोच नियम लोर्ना डेनला, म्हणजे पोलारिसला. ती मॅग्नेटोची मुलगी. इंग्रजीत एकाच बापाच्या दोन आयांच्या मुलींना एक शब्द आणि आईबापांच्या दुसऱ्या लग्नामुळे बहिणी झालेल्यांना दुसरा, आपण दोघींनाही ‘सावत्र’च म्हणतो. तेव्हा मॅग्नेटो बाप असलेल्या काळातल्या कथांत लोर्ना ही वांडाची सावत्र बहीण लिहा. २०१४ नंतरच्या कथांत दोघींमध्ये रक्ताचं काही उरत नाही, पण बहिणी म्हणून असलेला जिव्हाळा टिकतो. तिथे ‘मानलेली बहीण’ लिहा.