आर्क्टिकच्या तळ्यांप्रमाणे हिप्परगा तलावाच्या गाळातल्या डायटमवरून जुनं तापमान काढता येईल का? (एम.एस्सी. प्रकल्प, सोलापूर)

पद्धत तीच वापरा, पण तापमानाची अपेक्षा सोडा.

डायटम, म्हणजे सिलिकाचं कवच असलेली सूक्ष्म शैवालं, तापमापक नाहीत. आर्क्टिकमध्ये ते खरं तर बर्फाची खबर देतात. उन्हाळा तोकडा असला की तळ्याचा फक्त काठ मोकळा होतो आणि तळाला राहणाऱ्या बारीक फ्रॅजिलारिया गटाची चलती असते. बर्फ लवकर गेला की खोल तळ्यांत तरंगणारा सायक्लोटेला वाढतो. कॅनडाच्या आर्क्टिकमधल्या एल्समिअर बेटावरच्या उथळ डबक्यांत हजारो वर्षं फारसे न बदललेले डायटम १९व्या शतकापासून झपाट्याने बदलले, हे १९९४ मध्ये प्रसिद्ध झालं. अंशांत आकडा हवा असेल तर तिथेही बहुधा कायरोनोमिड माश्यांच्या अळ्यांची डोकी मोजतात. तरी एक-दीड अंशाची चूक धरावीच लागते.

हिप्परग्यात गोठणंच नाही. तिथले डायटम पाण्याची पातळी, क्षार, खतं आणि सांडपाणी यांबद्दल बोलतील. तलाव ब्रिटिश काळातला, त्यामुळे नोंद फार तर दीडेकशे वर्षांची. थरांचं वय ठरवायला शिसे-२१० (शिशाचं किरणोत्सारी रूप) पुरेल. मात्र गाळ उपसलेली किंवा उन्हाळ्यात उघडी पडून भेगाळणारी जागा घेऊ नका, थर मिसळलेले असतात.

०.१ ग्रॅम कोरडा गाळ घ्या. आपल्याकडे चुनखडी भरपूर, म्हणून आधी १०% हायड्रोक्लोरिक आम्ल, फसफस थांबेपर्यंत. मग ते पूर्ण धुवून काढा. आम्ल राहिलं आणि पेरॉक्साइड ओतलं तर क्लोरीन सुटतो. ३०% हायड्रोजन पेरॉक्साइड थोडं थोडं घाला, फ्यूमहूडखालीच. पाणबाथवर ८० अंशांना काही तास ठेवा. एकदम ओतलं की बीकर उतू जातो आणि नमुना टेबलावर. बाटली फ्रिजमध्ये असू द्या, सोलापूरच्या मे महिन्यात बाहेर ठेवलेलं पेरॉक्साइड लवकर उतरतं.

नंतर ऊर्ध्वपातित पाण्याने पाच-सहा धुण्या, दर वेळी रात्रभर निवळू द्या. थेंब कव्हरस्लिपवर झाकून वाळवा, पंखा बंद. नाहीतर डायटम कडेला गोळा होतात आणि मोजणी फसते. कव्हरस्लिप स्लाइडवर चिकटवायला कॅनडा बाल्सम वापरलं तर कवचावरची नक्षी फिकी दिसते, त्यासाठीचं नॅफ्रॅक्स हे राळेसारखं माध्यम मिळवाच. १००० पट वर्धनाखाली किमान ३०० झडपा (कवचाचे अर्धे भाग) मोजा.

हजारो वर्षांची नोंद हवी असेल तर लोणार आठवेल. पण तिथलं पाणी इतकं अल्कधर्मी की डायटमच्या कवचाची सिलिकाच विरघळते. तिथे परागकण जास्त भरवशाचे.