लिनक्स करत करत शिकवणारं ट्युटोरियल कसं बनवावं?

तुमचा प्रश्न असा: शाळेला दान मिळालेल्या दहा कॉम्प्युटरांवर उबुंटू (लिनक्सचाच एक प्रकार) टाकलंय, शिक्षक-पालकांसाठी ट्युटोरियल करायचंय, आणि ‘इथे क्लिक करा’ असा बाण दाखवणारे चाळीस स्क्रीन तयार आहेत. पुढे काय?

ते चाळीस स्क्रीन तूर्त बाजूला ठेवा. मीही हा उद्योग केलाय. तालुक्याच्या गावी कॉम्प्युटर क्लासात शिकवायचो तेव्हा असंच बाणवालं प्रकरण मोठ्या हौसेनं बनवलं होतं. लोक ‘पुढे’, ‘पुढे’ दाबत शेवटाला पोचायचे, अभिनंदनाचा स्क्रीन यायचा आणि मग मागून हाक यायची, “सर, पण माझी फाईल गेली कुठे?” सत्यनारायणाला गुरुजींमागून मंत्र म्हणतो ना आपण, तसं. म्हणून झालं सगळं, कळलं काहीच नाही.

बाण दाखवू नका, काम द्या. आणि क्लिक तपासू नका, काम झालं का ते तपासा.

उदाहरण घ्या: ‘डाउनलोड्समधला सातबारा पेनड्राईव्हवर घ्या.’ कोणी माऊसनं धरून ओढेल, कोणी कंट्रोल-सी, कंट्रोल-व्ही करेल, कोणी उजवं बटण दाबून कॉपी शोधेल. तिन्ही बरोबर. तुमच्या प्रोग्रामनं फक्त पेनड्राईव्हवर फाईल आली का एवढंच बघायचं. लिनक्समध्ये त्यासाठी आयनोटिफाय आहे, फोल्डरमध्ये काही बदललं की ते कळवतं. एक बारकावा सांगतो: फाईल ‘तयार झाली’ या सूचनेवर शाबासकी देऊ नका, लिहून बंद झाल्याची सूचना येईपर्यंत थांबा. त्यानंतर इजेक्ट, म्हणजे पेनड्राईव्ह उपसण्याआधी कॉम्प्युटरला तसं सांगणं, ही वेगळी पायरी ठेवा, कारण कॉपी झाली असं दिसत असतानाही माहिती कधी कधी कॉम्प्युटरच्या मेमरीतच असते. मोबाईलवर वाढलेल्या माणसाला हे स्वप्नातही सुचणार नाही.

बाणाला तांत्रिक अडचणही आहे. उबुंटू आता वेलँडवर, म्हणजे स्क्रीनवर खिडक्या मांडणाऱ्या नव्या व्यवस्थेवर चालतं आणि तिथे दुसऱ्याची खिडकी स्क्रीनवर नेमकी कुठे आहे हे एखाद्या प्रोग्रामला कळू दिलं जात नाही. म्हणजे बाण भलतीकडेच दाखवणार. माझ्या मते हे बरंच झालं.

चुकायला मोकळी जागा मात्र द्या. सरावासाठी वेगळं खातं करा आणि प्रत्येक वेळी त्याचं होम फोल्डर (त्या खात्याच्या फायली असतात ते) मूळ प्रतीवरून पुन्हा भरा. विमट्युटर बघितलंय का? विम या मजकूर लिहायच्या एडिटरबरोबर येतं, साधारण अर्ध्या तासाचं. ते धड्याच्या फाईलची एक प्रत काढतं आणि तुम्ही त्या प्रतीतच खोडाखोड करत शिकता. वाचायचा मजकूर तोच, गिरवायची पाटीही तीच. इतकं साधं आणि इतकं बरोबर जमलेलं दुसरं उदाहरण मला सापडलेलं नाही. विंडोज ३.० बरोबर १९९० साली आलेल्या सॉलिटेअरनंही लोकांचा हात असाच बसवला. पत्ते हलवता हलवता धरून ओढणं आपोआप यायचं.

सगळंच मोकळं सोडा असं मात्र म्हणत नाही. आयबीएममध्ये जॉन कॅरोल आणि कॅरोलाइन कॅरिथर्स यांनी १९८४ साली एका वर्ड प्रोसेसरमधले नवशिके हमखास भरकटतात असे पर्याय बंद करून ठेवले होते. पर्याय दिसायचे, पण निवडले तर ‘हे सध्या मिळणार नाही’ एवढाच निरोप. त्यांचे शिकाऊ लवकर कामाला लागले आणि चुका निस्तरण्यात त्यांचा वेळ कमी गेला. तुमच्या सराव खात्यात सेटिंग्ज आणि टर्मिनल (आज्ञा टाईप करून द्यायची खिडकी) असे झाकून ठेवता येतील.

भाषेचं थोडक्यात. स्क्रीनवर ‘सेव्ह’ असेल तर धड्यात ‘जतन करा’ लिहू नका. जे डोळ्यांना दिसतंय तोच शब्द, फार तर देवनागरीत. आणि मराठी टायपिंग पहिल्याच दिवशी घ्या. स्वतःचं नाव मराठीत उमटलं की माणूस खुर्ची पुढे ओढून बसतो, हे कितीदा तरी बघितलंय.

शेवटी तीन माणसं बसवा, ज्यांनी कधी माऊस धरला नाही अशी, आणि स्वतः हाताची घडी घालून मागे उभे राहा. बोलायचं नाही. फार अवघड जातं. माझ्याकडे एक काकू आल्या होत्या, माऊस टेबलाच्या काठाला टेकला तशा थांबल्या. माऊसचा बाण अजून स्क्रीनच्या मध्यावर. “आता टेबल संपलं,” म्हणाल्या. माऊस उचलून परत मागे ठेवता येतो, हे माझ्या ट्युटोरियलमध्ये कुठेच नव्हतं.

ती पायरी तुमच्यात पहिली घाला. दुसरी कॉम्प्युटर बंद करण्याची, नाहीतर भिंतीवरचं बटण दाबून मोकळे होतील.