मागे जा

प्रिय मुली,

तुझं पत्र दोनदा वाचलं. वर्षाला पन्नास पुस्तकांचं लक्ष्य, त्याचा तक्ता, आणि ‘जरीला’ आधी हाती लागल्यामुळे चांगदेव चतुष्टयाचा क्रम बिघडला म्हणून झालेला हिरमोड. शिवाय लहान मुलांच्या चित्रपुस्तकांत जाणारे तास वाचनात धरायचे का, ही शंका! आधी तो तक्ता फाड.

भालचंद्र नेमाड्यांच्या त्या चार कादंबऱ्या १९७५ ते १९७९ मध्ये आल्या. चांगदेव पाटील गाव सोडतो, कॉलेज बदलतो, बिऱ्हाड हलवतो. तू त्याला मध्येच गाठलंस, एवढंच. आता मागे जा. पहिली, ‘बिढार’, उघड. पुढचं थोडं ठाऊक असलेल्या तुला मुंबईतला चांगदेव जसा दिसेल, तसा क्रमाने येणाऱ्याला दिसणार नाही.

फ्रेंच कादंबरीकार बाल्झाकने तर हे स्वतःच केलं. त्याचं रास्तिन्याक हे पात्र १८३१च्या कादंबरीत येतं ते पॅरिसमध्ये मुरलेलं. चार वर्षांनी ‘पेर गोरियो’ पुस्तकरूपात आली, तिच्यात तोच रास्तिन्याक अजून कायद्याचा विद्यार्थी आहे, आईला आणि बहिणींना पत्रं लिहून पैसे मागणारा. लेखकच वाचकाला मागे घेऊन गेला. त्याच कादंबरीत मरणाऱ्या म्हाताऱ्या गोरियोची शुश्रूषा करणारा बियांशों नावाचा वैद्यकीचा पोरगा आहे. पुढे कितीतरी कथा-कादंबऱ्यांत तो नामांकित डॉक्टर म्हणून भेटतो, बऱ्याचदा दोन-चार ओळींपुरता. त्या दोन-चार ओळींत त्याला ओळखायचं, तर तो गोरियो राहायचा त्या खाणावळीत जेवायला यायचा ते आठवायला हवं. आठवत नसेल तर मागे जा!

आणि चित्रपुस्तकं. मार्गारेट वाइज ब्राउनचं ‘गुडनाइट मून’ १९४७चं आहे, चित्रं क्लेमेंट हर्डची. सशाचं पिल्लू झोपायला जातं त्या हिरव्या खोलीच्या प्रत्येक रंगीत चित्रात उंदराचं पिल्लू जागा बदलतं. घड्याळ सातला सुरू होतं आणि आठ वाजून दहा मिनिटांवर थांबतं, खिडकीतला चंद्र तेवढा वर चढतो. घड्याळांना मजकुरात शुभरात्री म्हटलंय, पण काटे पुढे सरकतात हे मात्र शब्दांत कुठेच नाही. भिंतीवर एक चित्र टांगलंय, ससा मासेमारी करतोय. ते त्याच लेखिका-चित्रकार जोडीच्या १९४२च्या ‘द रनअवे बनी’तून आलंय, पळून जाऊन मासा होईन म्हणणाऱ्या पिल्लाला आई गळ टाकून धरायला निघते, तिथलं. बियांशों जे करतो तेच हे चित्र करतं. तुला ही दोन वेगळी वाचनं वाटतात, मला कधीच वाटली नाहीत.

‘रोझीज वॉक’ही बघ. पॅट हचिन्सने १९६८ मध्ये बत्तीस शब्दांत कोंबडीला फिरायला नेलं. मागे लागलेल्या कोल्ह्याबद्दल त्यात एक अक्षर नाही. फक्त मजकूर वाचणाऱ्या मोठ्या माणसाला जे पुस्तक पोकळ वाटतं, ते पाहत पोर खिदळत असतं.

माझ्या लहानपणी आमच्या घरात असं एकही पुस्तक नव्हतं. ती माझ्यापर्यंत आली तेव्हा माझे केस पिकायला लागले होते, आणि ही खंत जात नाही. नोकरीत सहकारी विचारायचे, “बाई, अजून तेच पुस्तक?” हो, तेच. यादीने मोजलं तर माझं वाचन तुझ्या वर्गातल्या कुणाहीपेक्षा कमी भरेल. पण चांगदेवच्या प्रत्येक बिऱ्हाडात मी पुन्हा पुन्हा राहून आले आहे, आणि नव्या पुस्तकांच्या गर्दीसाठी ते सोडणं मला तेव्हाही मान्य नव्हतं, आजही नाही. कुणी याला हट्ट म्हणो.

तू हुशार आहेस, म्हणूनच तुझी ही घाई मला सहन होत नाही. चित्रपुस्तकाला तास लागला तर लागू दे. शेवटच्या पानावर आलीस की मागे जा आणि उंदीर शोध.

पुढच्या पत्रात किती पुस्तकं झाली ते लिहू नकोस. ‘बिढार’मधली कोणती माणसं ‘जरीला’त पुन्हा भेटली, ते लिही.

तुझी,
बाई