नापास वस्तू फेकू नका

विज्ञानकथेच्या भागासाठी वस्तू जमवण्याचे काम तुमच्याकडे प्रथमच आले आहे, म्हणून सांगतो: वस्तू किती भविष्यकालीन दिसते यापेक्षा प्रेक्षक ती क्षणात ओळखतो का, हे आधी तपासावे. १९६६ साली ‘स्टार ट्रेक’ या अमेरिकी विज्ञानकथा दूरचित्रवाणी मालिकेच्या एका भागासाठी अनोख्या आकाराच्या मीठदाण्या आणल्या होत्या, परंतु त्या मीठदाण्या आहेत हे कोणालाच कळणार नाही असे वाटल्याने पडद्यावर साध्याच मीठदाण्या आल्या, आणि नाकारलेल्या वस्तू मालिकेतील अंतराळयानावरच्या डॉक्टर मॅकॉयची उपकरणे होऊन बसल्या. त्यामुळे बाद ठरलेली वस्तू परत करण्याची घाई करू नये. (हिशेबनीस कुरकुरतील, कुरकुरू द्यावे.)

याच मालिकेच्या १९६७ मधील ट्रिबलांच्या, म्हणजे झपाट्याने वाढणाऱ्या केसाळ गोळ्यांसारख्या काल्पनिक प्राण्यांच्या, भागासाठी कृत्रिम फरचे सुमारे ५०० गोळे शिवले होते. कोठारातून त्यांचा ढीग यानाचा कप्तान कर्क याच्या अंगावर कोसळल्यानंतरही वरचे साहाय्यक एकेक गोळा टाकतच राहिले, आणि तो गोळा टपकन कर्कच्या डोक्यावर आपटताना दिसतो. मला तर मुख्य ढिगापेक्षा हे उशिरा पडणारे गोळेच अधिक गमतीचे वाटतात. तेव्हा अशा दृश्यासाठी गोळे मोजून मागवताना थोडे जास्तच मागवावेत, आणि ते टाकणारा माणूस उत्साही असावा.